घोटाचा शेवट ऐका: क्राफ्ट बिअरला संगीताची जोड कशी द्यावी

बिअरबरोबर कोणतं संगीत लावावं, असं कुणी विचारलं की उत्तरं बहुधा ठरलेली येतात. जर्मन बिअर असेल तर जर्मन बँड, आयरिश स्टाउट असेल तर आयरिश फिडल, कॅनवर कवटी छापलेली असेल तर हेवी मेटल. ही जोडी लेबलाशी जुळते, आणि जिभेला लेबल वाचता येत नाही. मी वापरते ती पद्धत घोटापासून सुरू होते, त्यातही घोटाच्या शेवटापासून. बिअर गिळल्यानंतर तोंडात काय उरतं, किती वेळ उरतं, कसं विरत जातं, हे आधी ओळखायचं आणि त्याला जुळेल असं संगीत शोधायचं. शेवट जुळला की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

यासाठी बिअरचं किंवा गाण्याचं शिक्षण लागत नाही. एक संध्याकाळ, तीन बिअर, एक वही आणि थोडी शांतता एवढं पुरे. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वय २१ पूर्ण हवं आणि मद्यसेवनाचा परवानाही लागतो, हे पहिल्यांदाच हे करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

बिअर निवडताना

पहिल्या बैठकीला एकमेकींपासून दूरच्या तीन शैली घ्या: एक पिल्सनर (फिकट सोनेरी), एक गव्हाची बिअर (जर्मन हेफेवाइझन किंवा बेल्जियन विटबिअर) आणि एक स्टाउट (काळी, कॉफीसारख्या चवीची). आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल ही कडवट बिअर, दुसऱ्या बैठकीसाठी राखून ठेवा. तिचा कडवटपणा जिभेवर इतका रेंगाळतो की मागून आलेल्या बिअरची चव नीट लागत नाही.

पुण्यात २००९ साली डूलली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे छोट्या प्रमाणावर बिअर करणारी जागा, सुरू झाली आणि महाराष्ट्रात अशी जागेवरच केलेली ताजी बिअर मिळू लागली. त्यानंतर पुण्या-मुंबईत बऱ्याच मायक्रोब्रुअरी आल्या, त्यामुळे या तिन्ही शैली शोधायला आता फार वणवण करावी लागत नाही. ब्रूपबमध्ये बसणार असाल तर छोट्या ग्लासांचा टेस्टर ट्रे मागवा आणि संगीत स्वतःच्या इअरफोनवर ऐका. गर्दीच्या वेळी जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी उशिरा जागा शांत असते. माझं मत विचाराल तर पहिली खेप घरीच करावी. तिथे आवाज तुमच्या हातात असतो.

घरी आणायची तर तपकिरी काचेची बाटली किंवा कॅन घ्या. पारदर्शक आणि हिरव्या काचेतून उजेड आत जातो, हॉप्स या बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या घटकांवर त्याची क्रिया होते आणि बिअरला कुबट, उग्र वास धरतो. ग्राउलर (ब्रुअरीतून भरून मिळणारी मोठी बाटली) आणला असेल तर फ्रिजमध्ये उभा ठेवा आणि उघडल्या दिवशीच संपवा.

ग्लास साबणाचा अंश राहणार नाही असा धुवून हवेवर वाळवा. तेलकट किंवा साबणाळ ग्लासात फेस टिकत नाही, आणि फेसाबरोबर वासही जातो. फ्रीझरमध्ये ग्लास ठेवायची सवय असेल तर ती इथे सोडा, कारण फार थंडीने जीभ बधिर होते. पिल्सनर फ्रिजमधून काढून थेट ओतावी, साधारण ५ ते ७ अंश सेल्सिअसला. गव्हाची बिअर त्याहून किंचित कमी थंड चालते. स्टाउट मात्र १० ते १३ अंशांवर खुलते, म्हणून ती थोडी आधी बाहेर काढून ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात दहा मिनिटं पुरतात, डिसेंबरात अर्धा तास लागू शकतो.

प्रत्येक बिअर १०० मिली ओता. तिन्ही मिळून ३०० मिली होतात, म्हणजे ३३० मिलीच्या एका छोट्या बाटलीहूनही कमी. हे माप मी आग्रहाने सांगते. दुसऱ्या पूर्ण ग्लासानंतर प्रत्येक गाणं छान वाटायला लागतं आणि मग जोडी जुळली की नाही हे कळायची सोय राहत नाही. मसाला शेंगदाणे, चिवडा, चकली हा चकणा बैठक संपल्यावर आणा. तिखट जिभेवर असताना बिअरचा शेवट मोजताच येत नाही. मधल्या वेळात साधं पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे किंवा पाव.

आवाज किती?

माणसं शेजारी बसून साध्या सुरात बोलतात, त्याच पातळीवर संगीत ठेवा. यामागे कारण आहे. फ्रान्समध्ये निकोला गेगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारमध्ये प्रत्यक्ष पाहणी केली, ती २००८ साली प्रसिद्ध झाली. संगीताची पातळी ७२ डेसिबलवरून ८८ डेसिबलवर नेली तेव्हा गिऱ्हाइकांनी जास्त ग्लास मागवले आणि एकेक ग्लास लवकर संपवला: २५० मिलीच्या ग्लासाला सरासरी साडेचौदा मिनिटं लागत होती, ती साडेअकरावर आली. मोठ्या आवाजात माणूस चवीकडे लक्ष न देता पितो. मोठ्या गोंगाटात गोडी कमी जाणवते, असंही प्रयोगांत दिसलं आहे, आणि माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) गोडी तर आपल्याला हवीच आहे.

पहिला घोट गाण्याशिवाय

पिल्सनर ओता. ग्लास थोडा फिरवा, वास घ्या, मग एक मध्यम घोट घेऊन तोंडभर फिरवा आणि गिळा. गिळताक्षणी घड्याळ सुरू करा. चव पूर्ण विरली असं वाटेल तेव्हा थांबवा. आता वहीत तीन गोष्टी लिहा.

पहिली, चव उंच वाटते की खोल. लिंबू, संत्र्याची साल, आंबटपणा, फुलांचा वास हे बहुतेकांना वरच्या पट्टीत वाटतात. कडवट, भाजलेलं, कॉफीसारखं ते खालच्या पट्टीत. हे कविकल्पनेपुरतं नाही. ऑक्सफर्डमधले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स आणि अॅन-सिल्व्ही क्रिसिनेल यांनी चव आणि स्वरांची उंची यांच्या नात्यावर प्रयोग केले, त्यात गोड आणि आंबट चवींना लोकांनी उंच स्वर दिले, कडू चवीला खालचे. पुढे फेलिपे रेनोसो-कार्व्हालो आणि सहकाऱ्यांनी खास बेल्जियन बिअर घेऊन हेच तपासलं. लोकांनी बिअर चाखत ५० ते १५०० हर्ट्झमधला एक स्वर निवडायचा होता. कडवट बिअरना बऱ्याच खालचे स्वर मिळाले आणि गोड बिअरला वरचे. मला यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो: कडवट बिअरमध्ये मद्याचं प्रमाण कमी-जास्त असलं तरी त्यांना दिलेले स्वर साधारण एकाच उंचीचे होते. तेव्हा लेबलावरचा अल्कोहोलचा टक्का बघून ‘जोरदार’ गाणं लावू नका.

दुसरी, तोंडातला स्पर्श. बुडबुडे टोचतात की बिअर सायीसारखी सरकते? काही स्टाउट नायट्रोजनवर ओततात, त्यांचे बुडबुडे फार बारीक असतात आणि तोंडात मऊ लागतात. टोचणाऱ्या बिअरला छेडलेल्या किंवा आघाताच्या वाद्यांचा तुटक नाद शोभतो, मऊ बिअरला फुंकीची आणि गजाची वाद्यं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, शेवट. किती सेकंद, आणि त्या सेकंदांत काय झालं. चांगली पिल्सनर काही सेकंदांत स्वच्छ निघून जाते आणि पुढचा घोट मागते. हेफेवाइझन जरा थांबते, मग गोडसर होऊन विरते. आयपीएचा कडवटपणा गिळल्यानंतर आधी वाढतो आणि मग सावकाश उतरतो, अर्धा मिनिट सहज. दमदार स्टाउट त्याहूनही रेंगाळते. हे आकडे ब्रुअरीगणिक आणि जिभेगणिक बदलतात, म्हणून स्वतःचे मोजा.

संगीतातही हाच हिशोब करता येतो. एक स्वर वाजल्यावर तो किती वेळ राहतो? दोन स्वरांमध्ये रिकामी जागा किती आहे? बिअरचा शेवट आणि वाद्याचा नाद यांची लांबी जवळपास सारखी असली की पुढचा घोट घ्यावासा वाटतो नेमका तेव्हाच पुढचा स्वर येतो. ज्यांना हे एकदा अनुभवाला आलं त्यांना बाकीचं समजावून सांगावं लागत नाही.

जोड्या, वापरून पाहिलेल्या

पिल्सनर आणि संतूर. बोहेमियातल्या पिल्झन गावी १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने ही फिकट सोनेरी लागर प्रथम केली. फिकट माल्ट, तिथलं मृदू पाणी आणि साझ हॉप्स यांमुळे ती स्वच्छ आणि कुरकुरीत लागते. संतूरच्या तारेवर कलम पडतं, झणत्कार उठतो आणि लवकर विरतो. घोटाचंही तेच होतं. हंसध्वनी मध्य लयीत ऐका. पाचच स्वरांचा हा प्रसन्न राग कर्नाटक पद्धतीतून आपल्याकडे आला, त्यात मध्यम आणि धैवत नाहीत, त्यामुळे स्वरांमध्ये मोकळी जागा भरपूर आहे. पाश्चात्त्य संगीत आवडत असेल तर हार्पसिकॉर्डवरचं बरोक काळातलं एकल वादन घ्या. त्याचाही नाद असाच छोटा आणि धारदार असतो.

हेफेवाइझन आणि बासरी. या बिअरमध्ये केळी किंवा लवंग कुणी घालत नाही, तो वास यीस्टच तयार करतं. कडवटपणा नावापुरता, फेस दाट, अंगाने गोलसर. पहाडी किंवा देस रागातली बासरीची धून इथे छान बसते. फुंकीचा श्वास ऐकू येतो असं जवळून ध्वनिमुद्रित केलेलं वादन मिळालं तर अधिकच चांगलं. विटबिअरमध्ये मात्र संत्र्याची साल आणि धणे प्रत्यक्ष घातलेले असतात, ती जास्त चुणचुणीत असते. तिला बॉसा नोव्हा या ब्राझिलियन शैलीतली हलकी गिटार द्या.

स्टाउट आणि दरबारी. यावर थोडं थांबते, कारण नवख्या माणसाला या पद्धतीची खात्री इथेच पटते. स्टाउटचा काळा रंग आणि कॉफीसारखा कडवटपणा भाजलेल्या बार्लीतून येतो. चव खोल, शेवट लांब. दरबारी कानडा मंद्र सप्तकात रमतो, त्याचा कोमल गंधार आंदोलित असतो, म्हणजे स्वर एका जागी उभा न राहता सावकाश झुलतो. सुरबहार किंवा रुद्रवीणेवरचा आलाप निवडा, किंवा विलंबित एकतालातला ख्याल. ख्याल घेतला तर एक युक्ती करा. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन अतिविलंबित लयीत पाऊण-एक मिनिट सहज चालतं. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, घोट घ्या, आणि पुढची सम येईपर्यंत ग्लासाला हात लावू नका. कडवटपणा वर येतो, भाजलेल्या चवीच्या मागून चॉकलेटसारखी गोडी दिसते, मग तीही ओसरते. गायक मुखड्याकडे वळतो तेव्हा तोंड मोकळं झालेलं असतं. ताल मोजता येत नसेल तर तबल्याचं वजन आणि मुखडा समेवर कसा येऊन बसतो ते दोन-तीन आवर्तनं नुसतं ऐका, मग सम तुम्हाला आधीच जाणवायला लागते. १०० मिली स्टाउट अशी दहा-बारा मिनिटं पुरते. कुठलीही बिअर मी याहून लक्ष देऊन प्यायलेली नाही.

आयपीए आणि सरोद. आयपीएच्या वासात संत्रं, आंबा, पाईनचा चीक असं बरंच वरच्या पट्टीतलं असतं, तर घशात उतरतो तो कडवटपणा खालच्या पट्टीतला. एकाच बिअरचे हे दोन मजले. सरोदवर खर्जाच्या तारांचा भरदार आघात आणि चिकारीच्या उंच तारा दोन्ही एकाच हाताखाली वाजतात, म्हणून ते इथे चपखल आहे. मारवा घ्या: पंचम वर्ज्य, कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, आणि षड्जावर लवकर न टेकणारी चाल. कडवटपणा जसा गिळल्यावरही वाढत राहतो तसा हा राग विसाव्याची जागा लांबवत नेतो. वादनाच्या शेवटचा द्रुत ‘झाला’ मात्र आयपीएबरोबर ऐकू नये असं मला वाटतं. वेगामुळे घोटही भराभर जातात.

आंबट बिअर आणि लावणी. गोझा ही जर्मनीतल्या लायप्झिगशी जोडलेली गव्हाची आंबट बिअर, तिच्यात मीठ आणि धणे असतात. आंबट-खारट, झटकन लागणारी, झटकन जाणारी. फडाची लावणी, ढोलकीच्या टिपेच्या थापेसह, तिला अगदी शोभते. बैठकीची लावणी तिच्याबरोबर लावू नका. अदाकारीला जो वेळ लागतो तो या बिअरकडे नाही. ती माल्टच्या गोडीच्या, तांबूस अँबर एलबरोबर ऐका.

गोव्यात असाल तर एक जोडी आवर्जून करा. मांडो हे कोंकणी गाणं संथ, ६/४ च्या चालीत, व्हायोलिन आणि घुमट या मातीच्या चर्मवाद्याच्या साथीने गातात, आणि त्याच्या मागून जलद दुलपद येतं. मांडोला बेल्जियन डबेल: गडद, मनुका आणि जळक्या साखरेच्या चवीची, सावकाश पिण्याची. दुलपद सुरू झालं की विटबिअर. दोन्ही ग्लास आधीच ओतून ठेवा.

अभंग आणि भजनं मी या बैठकीत आणत नाही. तुमच्या घरी कुणाच्या मनाला लागेल असं काही असेल तर तेही बाजूला ठेवा.

जोडी खरंच जुळली का?

आपण ठरवून लावलेली जोडी आपल्याला आवडणारच, म्हणून उलट बाजूनेही पाहायला हवं. त्याच बिअरचा एक घोट जुळणाऱ्या संगीताबरोबर घ्या, मग पाणी, मग अगदी विरुद्ध संगीताबरोबर. स्टाउट दरबारीनंतर संतूरच्या द्रुत गतीबरोबर प्यायली की कडवटपणा उघडा पडल्यासारखा वाटतो का? पिल्सनर सुरबहारबरोबर पातळ लागते का? फरक जाणवला तर तो लिहा, नाही जाणवला तर तेही लिहा.

किती फरक अपेक्षित आहे? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ एड्रियन नॉर्थ यांनी २५० प्रौढांना वाइन देऊन असा प्रयोग केला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. भारदस्त संगीत ऐकणाऱ्यांना वाइन भारदस्त वाटली, टवटवीत संगीत ऐकणाऱ्यांना तीच वाइन टवटवीत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात ब्रसेल्समध्ये ‘एडिटर्स’ या ब्रिटिश बँडच्या संगीतावरून प्रेरणा घेऊन केलेली एक पोर्टर, म्हणजे स्टाउटसारखी गडद बिअर, २३१ जणांनी चाखली. हा बँड आधीपासून माहीत असलेल्यांत, लेबल आणि गाणं दोन्ही मिळालेल्यांना बिअर नुसतं लेबल पाहणाऱ्यांपेक्षा जास्त आवडली. म्हणजे संगीत बिअरमध्ये नसलेलं काही घालत नाही, असलेल्यांपैकी एखाद्या गोष्टीकडे लक्ष वळवतं. बिघडलेली बिअर गाण्याने सुधारत नाही, आणि ज्याला सरोद आवडतच नाही त्याच्यासाठी आयपीए-सरोद ही जोडी जुळत नाही. तिथे तेच गुण असलेलं दुसरं वाद्य शोधा: स्लाइड गिटारवरचे ब्लूज आयपीएला उत्तम साथ देतात.

एकदा हात बसला की मुद्दाम विरोधी जोडी लावून पाहायलाही मजा येते. फार गोड, जड स्टाउटला पियानोच्या वरच्या सप्तकातले सुटे स्वर दिले तर ती हलकी वाटू लागते. पण हे पहिल्या दिवशी करू नका. जुळणं कसं असतं हे कानाला आणि जिभेला कळल्यानंतरच विरोधाची चव लागते.

चार जणांत करायचं तर

मित्रमंडळींना बोलावलं असेल तर बाटल्या कागदात गुंडाळा आणि ग्लासांखाली फक्त अ, ब, क लिहा. तीन ध्वनिमुद्रणं आधी निवडून प्रत्येकाचे चार-पाच मिनिटांचे तुकडे तयार ठेवा. आयत्या वेळी फोनवर शोधत बसलं की मधे जाहिराती लागतात आणि तोंडातली चव निघून जाते. प्रत्येकाने न बोलता जोड्या लिहायच्या, सगळ्यांचं लिहून झाल्यावरच वाचायच्या. पहिल्याने मोठ्याने मत सांगितलं की बाकीचे नकळत तिकडे झुकतात, म्हणून हा नियम पाळाच. घरातल्या ज्येष्ठांपैकी कुणी पीत नसेल पण गाण्याचा कान चांगला असेल तर त्यांना लिंबू सोडा, ताक आणि कोरी कॉफी द्या. हीच पद्धत तिथेही तंतोतंत चालते, आणि कोऱ्या कॉफीबरोबर दरबारी तर फारच छान लागतो.

बाहेर बसून अनुभवायचं असेल तर बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधलं विंडमिल्स क्राफ्टवर्क्स पाहा. तिथे ब्रुअरीसोबत जाझच्या मैफलींसाठी मंचही आहे. जाझ क्वार्टेट प्रत्यक्ष वाजत असताना डबल बेसच्या एकल वादनाला स्टाउट आणि झांजांच्या हलक्या ब्रशवादनाला पिल्सनर घेऊन बघा. बाहेर जाल तेव्हा येता-जाता कॅब करा, प्रमाण कितीही कमी असलं तरी.

वहीत प्रत्येक नोंदीला बिअरचं नाव, ब्रुअरी, तारीख, ओतताना ती किती थंड होती, शेवटाचे सेकंद, आणि राग, वाद्य, लय एवढं असू द्या. मायक्रोब्रुअरीची बिअर बॅचगणिक थोडी बदलते. तीच बिअर पुन्हा घ्याल तेव्हा जुने सेकंद न बघता आधी नव्याने मोजा, मग पान उघडा.